मॉरल सायन्समध्ये ‘ए’ ग्रेड

शाळेत मूल्यशिक्षण असावं की नसावं, यावर मागच्या महिन्यात आमच्या रूममध्ये रात्री दीड वाजेपर्यंत वाद झाला. निमित्त साधंच. एआयसीटीईने २०१८ च्या मॉडेल अभ्यासक्रमात पहिल्या वर्षासाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम आणला. त्यात ‘ह्यूमन व्हॅल्यूज’ही असतात. त्याचं लेक्चर संपवून आमच्या ज्युनिअर्स होस्टेलवर आल्या त्या थेट ‘दीदी, प्रॉक्सी कशी लावायची?’ हे विचारायला!

मला हसू आलं, आणि नंतर जरा लाजही वाटली. कारण मी त्यांना सांगितलं.

मी कॉन्व्हेंटची (त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या). आमच्याकडे आठवड्यातून एक तास मॉरल सायन्स. ख्रिश्चन मुली कॅटेकिझमला जायच्या, उरलेल्या आम्ही मॉरल सायन्सला. पुस्तकात एक गोष्ट, खाली प्रश्न. रस्त्यात पाकीट सापडलं तर काय कराल? उत्तर सगळ्यांना पाठ. ‘ठेवून घेईन’ असं कोणी लिहिलं असतं तर मार्क गेले असते. म्हणजे खरेपणाच्या पेपरात खरं लिहायची सोयच नव्हती! मला दरवर्षी ‘ए’ ग्रेड. ‘डिग्निटी ऑफ लेबर’वर मी निबंध लिहिला होता, त्याला बक्षीसही मिळालं. पण वर्गात डबा सांडला की पुसायला मावशींना हाक मारायची. दहा वर्षं ज्यांनी आमचं सांडलेलं पुसलं, त्यांचं नाव मला आजही माहीत नाही.

माझी रूममेट मंगळवेढा तालुक्यातली, झेडपीच्या शाळेत शिकलेली. तिच्याकडे मॉरल सायन्स नव्हतं, परिपाठ होता. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या आणि भिंतीवर रंगवलेली दहा मूल्यं. ती तिला अजून पाढ्यासारखी येतात. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन. यादी मला आवडली. आमच्या पुस्तकात वैज्ञानिक दृष्टिकोन कुठेच नव्हता. पण ती म्हणाली, “अगं, वर्ग झाडायला आम्ही मुलीच, आणि परिपाठात स्त्री-पुरुष समानतेवर बोलायलाही आम्हीच. पोरं तोवर क्रिकेट खेळायची.”

म्हणजे इंग्रजी शाळा असो की मराठी, गोम एकच. मूल्य फळ्यावर, आणि शाळा चालते तिच्या तिच्या सवयीने. मुलं फळ्यापेक्षा सवय लवकर शिकतात.

आता जीटीबद्दल. स्टाफपैकी कोणाला माहीत नसेल असं नाही, तरी सांगते. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांवर काच, खाली बल्ब (आता मोबाइलचा टॉर्च), काचेवर मैत्रिणीची ड्रॉइंग शीट आणि त्यावर आपली कोरी. तासाभरात आयसोमेट्रिक तयार! पहिल्या वर्षी माझ्या बहुतेक शीट्स अशाच झाल्या. रूममेटने सगळ्या स्वतः काढल्या. दोन उशिरा झाल्या, एकीवर खाडाखोड. मार्क मला जास्त. नीटनेटकेपणाचे असावेत. सर, रागावू नका, पण एकाच मापाच्या, एकाच चुकीच्या चाळीस शीट्सवर सही होते तेव्हा आमचा खरा मूल्यशिक्षणाचा तास तोच असतो. त्यानंतर पाहुणे बोलावून प्रामाणिकपणावर लेक्चर ठेवलं तर आम्ही मागच्या बाकावर झोपणार, दुसरं काय?

मग मूल्यं शिकवूच नयेत का? माझं तसं म्हणणं नाही. सोलापुरात राहून तरी तसं म्हणवत नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना बरोबर घेऊन, श्रम करून तलाव खोदला असं आपण गड्ड्याच्या यात्रेला अभिमानाने सांगतो. त्यांनी श्रमप्रतिष्ठेचा पेपर काढला नव्हता! आणि जुनं कशाला, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. रक्कम दहा लाख डॉलर. त्यांनी त्यातली निम्मी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांमध्ये वाटून टाकली. त्यांच्या क्यूआर कोडबद्दल खूप लिहिलं गेलं. मला ते वाटपच जास्त लक्षात राहिलं, कारण त्यात त्यांच्या पदरचं काहीतरी गेलं.

बीड जिल्ह्यात २००९ मध्ये शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने सुमारे ५०० झेडपी शाळांत ‘मूल्यवर्धन’ सुरू झालं. त्याची पद्धत उपदेशाची नाही. मुलांनी जोड्या-गटांत बसून बोलायचं, एकमेकांचं ऐकायचं, मिळून काही करायचं. ही दिशा मला पटते. मात्र शिक्षकाने स्वतः त्या गोलात बसायला हवं. तो टेबलामागे राहिला तर पुन्हा मॉरल सायन्सच.

त्या रात्री शेवटी मी रूममेटला विचारलं, “तू जीटी का मारली नाहीस?” मला वाटलं आता ती दहा मूल्यं ऐकवणार. ती म्हणाली, तिच्या शाळेत उशिरा येणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचे. सातवीत असताना एकदा एसटी बंद पडली म्हणून गुरुजीच अर्धा तास उशिरा आले. त्यांनी खडू घेतला, यादीत शेवटी स्वतःचं नाव लिहिलं आणि उशिरा आलेल्या पोरांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. पोरं हसली. ते काही बोलले नाहीत. रांग सुटल्यावर गणित शिकवायला लागले.

“त्याचा आणि शीटचा काय संबंध?” मी म्हटलं.

“काय माहीत,” ती म्हणाली आणि लाइट बंद केला.

या सेमिस्टरला मशीन ड्रॉइंगच्या दोन शीट्स मी स्वतः काढल्यात. रेषा वाकड्या आल्यात, एका ठिकाणी कागद खोडून खोडून फाटलाय. तिसरी मात्र जीटीच मारली, वेळच नव्हता. सबमिशन शुक्रवारी आहे.