आभाळातला पंच

उपग्रह सुटला की ह्यांची छाती फुगते. टाळ्या आम्हीबी वाजवल्या. आता आमचा सवाल ऐका.

माझ्या बापानं गायरानातले दोन एकर फोडले. नुसता खडक होता. दंड भरला, तूर पेरली, गावानं पिकात जित्राबं सोडली तेबी सोसलं. सरकार म्हणतं, १४ एप्रिल १९९० च्या आधीपासून कसत होता हे दाखव. तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची, पुरावा मात्र तलाठ्याच्या दफ्तरातला! एक-ई नमुन्यात आमची नोंद करणार कोण? तलाठी ज्याच्या वाड्यात जेवतो, त्याच्याच डोळ्यांत आमचा तुकडा सलतोय. दंडाच्या पावत्या गळक्या छपराखाली कुजल्या. २०२२ साली गायरानं रिकामी करा म्हणून नोटिसा निघाल्या. म्हणजे बाप त्या रानात नव्हताच?

होता. अमेरिकेचा लँडसॅट-५ हा १९८४ पासून ७०५ किलोमीटर उंचीवरून दर १६ दिवसांनी डोक्यावरून जात होता. १९८८ पासून आपला आयआरएस-१ए, दर २२ दिवसांनी. लँडसॅटच्या फोटोतला एक ठिपका ३० मीटर बाय ३० मीटर, म्हणजे जवळपास नऊ गुंठे. दोन एकराचे नऊ ठिपके. कडेचे शेजारच्या गवतात कालवतात, मधले तरी आपले. अवरक्त किरणांचा फोटो असा रंगवतात की हिरवं पीक लालभडक दिसतं. पावसाळ्यात ढग आड येतात, पण दिवाळीनंतरचे फोटो ओळीनं लावा: गवत वाळून गेलं तरी तूर लाल उभी असते.

हे जुने फोटो २००८ पासून साऱ्या जगाला फुकट आहेत. अतिक्रमण शोधायला उपग्रह चालतो, मग कसणाऱ्याच्या बाजूनं साक्ष द्यायला का नाही?

ठिपका जात विचारत नाही, खरं. पण नावबी सांगत नाही. उद्या पाटील तोच फोटो नाचवून म्हणेल, रान मीच कसलं. आणि अर्ध्या एकराचा तुकडा ठिपक्यात हरवला तर हे म्हणतील, नव्हताच. म्हणून फोटोच्या जोडीला शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जबान्या पाहिजेतच. वनहक्काच्या २०१२ च्या सुधारित नियमांत हेच आहे: उपग्रहाचा फोटो पुराव्याला जोड, बाकीच्या पुराव्याच्या जागी नव्हे. गायरानाला हा नियम लावायला कुणाचं काय जातं?

नागपूरला राज्याचं सुदूर संवेदन केंद्र आहे. त्यांनी गावोगावच्या गायरानाचे १९९० च्या आधीचे फोटो काढावेत, ग्रामसभेत भिंतीवर लावावेत. बाप गेला. आई आहे. बांध कुठून कुठवर, ती डोळे मिटून सांगते.