रस बाटलीत, वास हवेत

मोर्शी-वरुडच्या बगिच्यांत आंबिया बहाराची तोड सुरू झाली की ठोक फळ व्यापाऱ्याच्या गाडीत चढतं आणि बारीक फळांची चुरी मागे राहते. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण या बारीक फळाला भाव काही मिळाला नाही.

त्यावर दरवेळी रसाचा कारखाना मागितला जातो. मागणी रास्त आहे, पण अपुरी आहे. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की कडवट होतो. फळातला एक बेचव घटक रसाच्या आंबटपणात हळूहळू लिमोनिन बनतो, आणि लिमोनिन कडू. अमेरिकेतल्या रस कारखान्यांनी यावर तोडगा वापरात आणला आहे: रस सच्छिद्र रेझिनमधून सोडायचा. रव्याएवढे हे मणी लिमोनिन धरून ठेवतात, साखर पुढे जाऊ देतात.

अशाच मण्यांनी सुगंधही धरता येतो. रसात यीस्ट घालून तो आंबवला की कार्बन डायऑक्साइड उसळतो आणि फळांच्या वासाची एस्टर द्रव्यं सोबत घेऊन टाकीबाहेर पडतो. आंबवणीच्या खोलीत घमघमाट सुटतो, तो उडून चाललेला मालच असतो. वायूच्या नळीवर रेझिनचा स्तंभ बसवला, तर पाण्याशी फारसं न जमणारे हे रेणू मण्यांच्या छिद्रांत चिकटतात. पुढे थोड्या अल्कोहोलने धुतलं की अर्क हाती येतो आणि मणी पुन्हा कामाला लागतात. गुलाबाच्या वासाचं फिनाइलइथेनॉल तर जास्त साचलं की यीस्टलाच जाचतं. अशा वेळी मणी थेट टाकीत सोडतात.

आंबवणीतून गंध मिळवणं हे प्रयोगशाळेतलं कौतुक म्हणून सोडून देण्यासारखं नाही. संत्र्यात असणारं व्हॅलेन्सिन हे गंधद्रव्य नेदरलँड्सची आयसोबायोनिक्स कंपनी जिवाणूंकडून तयार करून विकू लागली आणि 2019 मध्ये रसायन उद्योगातल्या बीएएसएफने ती कंपनीच विकत घेतली. संत्र्याशिवाय संत्र्याचा गंध विकला जातो, आणि इथे संत्र्याला गिऱ्हाईक नाही!

म्हणून मोर्शीत प्रक्रिया प्रकल्प उभारायचा तर त्यात सालीचं तेल, कडवटपणा काढणारं रेझिन आणि आंबवणीचा गंध या तिन्हींची सोय पहिल्याच आराखड्यात हवी. आंबवणी आली की उत्पादन शुल्काचा परवाना आला; राज्याच्या 2001 च्या धोरणाने द्राक्षाच्या वाइनला जसा हात दिला, तसा संत्र्यालाही द्यावा. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने एका हंगामाची चुरी घेऊन छोटी टाकी चालवावी आणि टनामागे किती अर्क निघतो, खर्च किती येतो, हे बागायतदारांपुढे आकड्यांत मांडावं.