बिल्टीशिवाय पोते हलत नाही, मग ही निनावी दुकाने कशी चालतात?

नागपूरच्या अमरावती रोडवरच्या आमच्या वाडी गावात, आठव्या मैलापासून खडगाव रोडपर्यंतच्या कोणत्याही ट्रान्सपोर्टच्या गोदामात जा आणि बिल्टीशिवाय एक पोते बाहेर काढून दाखवा! पाठवणारा कोण, घेणारा कोण, माल काय, वजन किती, भाडे कोणाकडे, हे कागदावर उतरल्याखेरीज हमाल पोत्याला हात लावत नाही. पन्नास हजारांवरचा माल राज्याबाहेर न्यायचा तर ई-वे बिल लागते. ते नसेल तर गाडी रस्त्यात अडते, दंड बसतो. प्रामाणिक ट्रान्सपोर्टवाल्याच्या मानगुटीवर बसायला सरकारला हजार हात आहेत. आणि ज्याला नाव नाही, पत्ता नाही, असे मोबाइलमधले दुकान आमच्या आयाबहिणींना दिवसाढवळ्या लुटते, तेव्हा हे हात कोणत्या खिशात जातात?

दिवाळीच्या तोंडावर जाहिरात झळकते : पैठणी फक्त ७९९ रुपयांत, पैसे माल घरपोच मिळाल्यावर. दत्तवाडीतली एखादी गृहिणी विश्वासाने नाव-पत्ता भरते. पार्सल दारात येते. "ताई, उघडून पाहता येणार नाही, आधी पैसे द्या," असे म्हणून डिलिव्हरीवाला पैसे घेतो, सही घेतो, निघून जातो. चिकटपट्टी कापली की आतून उसवलेल्या काठाचे, रंग गेलेले फडके निघते. पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी अर्धवट नाव आणि सदैव बंद असलेला नंबर. त्या पोराचा यात दोष नाही, तो पार्सलमागे मिळणाऱ्या चार पैशांवर राबतो. पण ते ७९९ रुपये गोळा करून कोणाच्या तरी खात्यात भरणारी कुरिअर कंपनी आहे ना? मग "विक्रेता सापडत नाही" हे कोणाला सांगता? पैसे पोचवताना सापडतो आणि जाब विचारताना हरवतो, असा हा कोणता विक्रेता?

कायदा नाही, असे कोणी म्हणू नये. २३ जुलै २०२० रोजी ई-कॉमर्सचे नियम लागू झाले. कंपनीचे कायदेशीर नाव, मुख्यालयाचा पत्ता आणि तक्रार निवारण अधिकारी ग्राहकाला ठळक दिसलाच पाहिजे. तक्रारीची पोच ४८ तासांत, निकाल महिनाभरात, असे त्यात लिहिले आहे. ग्राहकाला भुलवून खरेदी करायला लावणाऱ्या तेरा क्लृप्त्यांवर ३० नोव्हेंबर २०२३ रोजी बंदीही आली. कागद भरले, धाक कोठे आहे?

धाक नसला की चोर शिरजोर होतो. कोणी सैनिक बनून "बदली झाली, स्कूटर स्वस्तात विकतो" म्हणतो. आयुध निर्माणीच्या शेजारी नांदणाऱ्या आमच्या गावाला वर्दीचा आदर आहे, हे त्याला पक्के ठाऊक असते. कोणी "पार्सल रद्द करायला ओटीपी सांगा" म्हणतो, कोणी परताव्याच्या नावाने पिन टाकायला लावतो. केंद्रीय गृहमंत्रालयाने लोकसभेत दिलेला आकडा ऐका : २०२४ या एका वर्षात सायबर ठगांनी देशाचे २२,८४५ कोटी रुपये लुटले. २०२३ मध्ये हाच आकडा ७,४६५ कोटी होता. एका वर्षात तिप्पट! आणि यावर आमच्या कारभाऱ्यांचे उत्तर काय? "सावध राहा." लुटलेल्यालाच अक्कल शिकवणे हा निर्लज्जपणाचा कळस आहे.

बँकांनीही साळसूदपणाचा आव आणू नये. ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याने खाते फोडले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर एक रुपयाचाही भार नाही. त्याची चूक झाली हे सिद्ध करायचे ते बँकेने, असे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजीच बजावले होते. हा नियम किती शाखांच्या भिंतीवर मराठीत लावलेला आहे? आणि "हे आमच्या हद्दीत येत नाही" म्हणणाऱ्या प्रत्येक ठाणे अंमलदाराने भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ वाचावे. दखलपात्र गुन्हा कोठेही घडो, फिर्याद नोंदवावीच लागते. ही मेहरबानी नव्हे!

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पाठवणाऱ्याचे पूर्ण नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक पाकिटावर नसेल तर कुरिअर कंपनीने पार्सल उचलूच नये. पैसे घेण्याआधी पार्सल उघडून दाखवावे. गोळा केलेली रोकड सात दिवस रोखून धरावी. या काळात तक्रार आली तर ती रोकड ग्राहकाला परत जावी. फसव्या जाहिरातीचे पैसे खाणाऱ्या समाजमाध्यमांना नुकसानीत भागीदार धरावे.

आणि वाडीकरांनो, सरकार जागे होईपर्यंत हात बांधून बसू नका. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. ओटीपी मागणारा चोरच समजा. आलेल्या लिंकवरून अॅप उतरवू नका. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. पैसे गेले तर त्याच क्षणी १९३० लावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येते, म्हणून एकेक मिनिट मोलाचे आहे. माल खराब निघाला तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन आहे. "लोक काय म्हणतील" म्हणून गप्प बसणे हेच चोराचे भांडवल आहे. सातशे रुपये गेले तरी तक्रार करा, पोच मागा, उत्तर येईपर्यंत पिच्छा सोडू नका. लाज चोराला वाटली पाहिजे, आणि त्याला मोकळे सोडणाऱ्यांना त्याहून अधिक!