सही सही आहे का?

स्टीफन किंग वाचून लाइट चालू ठेवून झोपणारे खूप असतात. पण त्याचं पुस्तक विकत घेताना ज्यांची झोप उडते, ती जमात वेगळीच. सही केलेल्या फर्स्ट एडिशन्स जमवणारी!

धारपांची ‘लुचाई’ जिच्यावरून आली, ती ‘सालेम्स लॉट’च घ्या. डबलडे, १९७५. जॅकेटच्या आतल्या घडीवर किंमत छापली ८.९५ डॉलर आणि फादर कॅलाहनचं नाव चुकून झालं फादर कोडी. मग प्रकाशकांनी भाव उतरवला, कोपरा कापून ७.९५चा आकडा मारला. चूक मात्र तशीच! ती सुधारली पुढच्या जॅकेटवर. म्हणूनच न कापलेलं ८.९५वालं जॅकेट म्हणजे कलेक्टर मंडळींचा कोहिनूर.

‘कॅरी’ (१९७४) हवीय? कॉपीराइटच्या पानावर ‘फर्स्ट एडिशन’ बघा आणि १९९व्या पानावर शिवणीजवळ ‘पी ६’. ‘द शायनिंग’ (१९७७) असेल तर ४४७व्या पानावर ‘आर ४९’. अक्षर छपाईच्या वर्षाचं, आकडा आठवड्याचा. बुक क्लबची कॉपी दिसते सेम टू सेम, पण तिच्या जॅकेटवर किंमत नसते.

आता सही. भिंग काढा. खरी सही भरभर होते; रेघ कुठे दाबलेली, कुठे निसटती. नकली सही करणारा मात्र चित्र काढत असतो, त्यामुळे रेघ सगळीकडे सारखी जाड आणि मध्येच थबकलेली. सहीचं वळण वर्षांगणिक बदलतं, हेही लक्षात ठेवा. खाली तारीख १९७६ची आणि वळण वीस वर्षांनंतरचं, तर सावधान! आणि सर्टिफिकेट? देणाऱ्याची जेवढी पत, तेवढीच त्या कागदाची.

त्यातल्या त्यात सेफ रस्ता म्हणजे लिमिटेड एडिशन. डोनाल्ड ग्रँटनं काढलेल्या ‘द गनस्लिंगर’च्या (१९८२) सही केलेल्या नंबरी प्रती ५००, पेटीतल्या ‘द स्टँड’च्या (१९९०) १,२५०. इथे सही पुस्तकासोबतच जन्माला येते.

खोट्या सहीत फक्त तुमचे पैसे बुडत नाहीत. बिनसहीची फर्स्ट एडिशनही मौल्यवानच असते. तिच्यावर नकली पेन फिरलं की ती कायमची बाटते. पुसायला जावं तर पानच खराब होतं. तेव्हा जरा जरी शंका आली, तर कोरी, स्वच्छ कॉपी उचला. भूत गोष्टीत असलेलं बरं, पहिल्या पानावर नको!