नदीचा हिशेब कोण मांडणार?

गाळपाचा हंगाम सुरू झाला की उसाच्या पट्ट्यातून गाडी नेणाऱ्या आपल्या साथींना कारखाना डोळ्यांनी दिसण्याआधी नाकाला कळतो. गावोगाव टपाल घेऊन फिरणाऱ्या डाक सेवकाला तर कोणत्या वस्तीतल्या विहिरीचे पाणी पिवळसर झाले, हेही ठाऊक असते. ज्यांना हे रोज दिसते त्यांना मात्र कोणी विचारत नाही. साखर आणि इथेनॉल उद्योगाच्या सांडपाण्याचा पर्यावरणावर काय परिणाम होतो, याचे मूल्यमापन कागदावर होते आणि कागदावरच राहते.

आधी आकडे पाहू. मळीपासून एक लिटर मद्यार्क काढताना साधारण 8 ते 15 लिटर स्पेंटवॉश तयार होतो. हे गडद तपकिरी, आम्लधर्मी पाणी असते. त्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात. या गरजेचे माप म्हणजे बी.ओ.डी. नदीत सोडायच्या पाण्यासाठी ही मर्यादा लिटरला 30 मिलिग्रॅम आहे. कच्च्या स्पेंटवॉशमध्ये ती 40 ते 50 हजारांच्या घरात असते. म्हणजे प्रक्रिया न केलेला एक लिटर स्पेंटवॉश केवळ पाणी मिसळून मर्यादेत आणायचा, तर सुमारे दीड हजार लिटर स्वच्छ पाणी लागेल. असे पाणी नदीत शिरले की मासे गुदमरून मरतात. मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ अंकली येथे कृष्णेच्या पात्रात मेलेल्या माशांचा खच पडला होता, तेव्हा नदीतला प्राणवायू संपला म्हणजे काय होते हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

यावर उपाय नाहीत असे नाही. स्पेंटवॉशपासून बायोगॅस करता येतो, तो प्रेसमडमध्ये मिसळून खत करता येते, आटवून बॉयलरमध्ये जाळताही येतो. ‘शून्य विसर्ग’ म्हणतात तो याच मार्गांनी साधायचा असतो. परंतु यंत्रणा बसवणे आणि ती रात्रंदिवस चालवणे यांत फरक आहे. चालवायला वाफ, वीज आणि पैसा लागतो. पहिला मोठा पाऊस आला की भरलेल्या खड्ड्यातले पाणी ओढ्याला सोडून देण्याचा मोह होतो, आणि खर्च वाचतो तो नेमका तिथेच.

मग मूल्यमापन कशाचे होते? कायद्याने आसवनी प्रकल्पाला पर्यावरणीय परवानगी लागते. 1994 साली पहिली अधिसूचना निघाली, 1997 मध्ये तीत जनसुनावणी आली आणि सध्याची अधिसूचना 2006 ची आहे. पण अहवाल तयार करणारा सल्लागार नेमतो प्रकल्पाचा मालक आणि त्याचे बिलही तोच चुकवतो. अभ्यास बहुधा प्रकल्पाभोवतीच्या 10 किलोमीटर परिघाचा असतो.

नदी मात्र 10 किलोमीटरवर थांबत नाही. मे 2018 मध्ये पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यातून मळी बियास नदीत गेली. हजारो मासे मेले, आणि थेट राजस्थानात जाणाऱ्या कालव्याच्या पाण्यापर्यंत त्याची झळ पोहोचली. कारखान्याला 5 कोटींचा दंड झाला. त्या कालव्याचे पाणी पिणाऱ्या वाळवंटातल्या माणसाला गुरुदासपूरच्या कोणत्या अहवालात जागा होती?

अशा वेळी मूल्यमापन कडक व्हायला हवे होते. झाले उलटेच. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे 2030 चे उद्दिष्ट सरकारने 2025 वर आणले आणि ते गाठलेही. त्या घाईत, 2021 मध्ये, केवळ या मिश्रणासाठी इथेनॉल करणारे आणि शून्य विसर्गाची हमी देणारे धान्याधारित प्रकल्प ‘बी-2’ वर्गात टाकले गेले. या वर्गाला जनसुनावणी लागत नाही. परदेशी तेलावरचे अवलंबन कमी व्हावे, ऊस उत्पादकाला वेळेवर पैसे मिळावेत, याला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो लोकांचे तोंड बंद करून वेग वाढवण्याला.

येथे मालकवर्ग ठरलेला डाव टाकतो: नदी की नोकरी? पंजाबातच झिरा येथे जुलै 2022 पासून ग्रामस्थांनी इथेनॉल प्रकल्पाच्या फाटकावर धरणे धरले, आणि जानेवारी 2023 मध्ये राज्य सरकारला प्रकल्प बंद करण्याची घोषणा करावी लागली. गावाचे पाणी वाचावे ही मागणी न्याय्यच होती. पण सांडपाण्याची व्यवस्था ठरवताना ज्याला कोणी विचारत नाही, तो कामगारच फाटक बंद झाल्यावर प्रथम रस्त्यावर येतो. स्पेंटवॉशच्या टाक्यांमध्ये हायड्रोजन सल्फाइडसारखा विषारी वायू साठतो. त्या साफ करायला उतरतो तो बहुधा कंत्राटी कामगार. म्हणजे प्रदूषणाचा पहिला बळी तो, आणि बंदीचाही पहिला बळी तोच. नदी आणि नोकरी ही दोन टोके नाहीत, दोन्ही वाचवण्याचा खर्च मालकाने टाळला आहे एवढेच.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. मूल्यमापन एकेका कारखान्याचे नको, संपूर्ण नदीखोऱ्याचे व्हावे. सल्लागार सरकारी यंत्रणेने नेमावा, खर्च मालकाकडून वसूल करावा. जनसुनावणी सर्व आसवनी प्रकल्पांना लागू करावी. देखरेख समितीत कामगारांचा निवडलेला प्रतिनिधी असावा. प्रदूषणामुळे कारखाना बंद झाला तर त्या काळाचे पूर्ण वेतन, कंत्राटी कामगारांसह, मालकाने द्यावे.

यात आपण रेल्वे आणि टपाल कामगारांनी काय करायचे? पुष्कळ. जनसुनावणीची नोटीस किमान 30 दिवस आधी निघते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळायला हवा. तो मागवून शाखेच्या सभेत वाचा. परवानगी मिळालेल्या प्रकल्पाला दर सहा महिन्यांनी अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो, आणि तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. मिळाला नाही तर माहितीचा अधिकार आहेच. पुलावरच्या ट्रॅकमनला पाण्याचा रंग बदललेला दिसला, डाक सेवकाला विहिरीची तक्रार ऐकू आली, तर तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवा. साखर कामगारांच्या संघटनेला सोबत घेऊन ती नोंद प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी द्या आणि पोच घ्या.

आपल्या क्वार्टरच्या नळाला येणारे पाणीही कुठल्या तरी नदीचेच आहे. तिचा हिशेब मालकाच्या मुनिमावर सोडून चालणार नाही.