कलचाचणीचा दाखला

दहावीचा निकाल हाती पडला की पाल्यास कोणत्या शाखेत घालावे याचा फैसला करण्यासाठी हल्ली पालक ज्योतिष्याच्या ओसरीऐवजी मानसशास्त्रीय चाचणीच्या कचेरीची पायरी चढतात, आणि अहवाल वाचून ‘अगदी आमच्या बंडूचेच वर्णन आहे हो!’ असा निर्वाळा देऊन समाधानाने परततात. शिक्षणविषयक प्रश्नांना वाहिलेल्या या सदराच्या वाचकांस माझे सांगणे इतकेच की, हा निर्वाळा पुराव्यात धरण्याजोगा नाही. 1948 साली बर्ट्रॅम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या 39 विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्वचाचणी घेऊन प्रत्येकास त्याचे म्हणून जे स्वभाववर्णन दिले, ते वस्तुतः सर्वांना एकच, आणि तेही बहुतांशी बाजारातल्या फलज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेले होते. तथापि विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेस पाचांपैकी सरासरी 4.26 गुण बहाल केले!

मग चाचणीची पारख करावी तरी कशी? एडवर्ड स्ट्राँग यांनी 1927 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात जी अभिरुची-प्रश्नावली सिद्ध केली, तिच्यात उमेदवाराच्या आवडीनिवडी एखाद्या व्यवसायात स्थिरावलेल्या माणसांच्या आवडीनिवडींशी कितपत जुळतात, एवढेच ताडून पाहिले जाई. आणि त्या ताळ्याची रुजुवात करण्यासाठी हे गृहस्थ आपल्या विद्यार्थ्यांचा माग काढीत राहिले व महाविद्यालय सोडल्यानंतरच्या 18 वर्षांचा हिशेब त्यांनी 1955 साली ग्रंथरूपाने मांडला. आमच्याकडे अहवालाची फी घेणारे किती जण त्या मुलाची दोन वर्षांनी तरी वास्तपुस्त करतात?

राज्य मंडळाने 2016 साली दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेण्यास आरंभ केला, त्यामागील हेतू स्तुत्यच होता. परंतु आवड परिचयातून उपजते, आणि कल म्हणजे कुवत नव्हे, ही गोष्ट तर निराळीच. भामरागडकडील ज्या मुलीने कधी प्रयोगशाळा पाहिली नाही, सनदी लेखापालाचे काम काय असते हे जिच्या कानावरही आलेले नाही, तिने ‘आवडत नाही’ या चौकटीत खूण केली, तर त्या खुणेतून तिच्या अनुभवाची सीमा तेवढी कळते. अशा मुलीस आधी तालुक्याचे रुग्णालय, भूमापन कचेरी, एखादा कारखाना हिंडवून आणावे, तेथील माणसांशी बोलू द्यावे, आणि मग तीच प्रश्नावली पुन्हा तिच्यापुढे ठेवावी; उत्तरे बदलली तर पहिला अहवाल खुशाल रद्दीत घालावा.