ग्रंथालयातील नववा ग्रह

शालेय ग्रंथालयासाठी विज्ञानाची पुस्तके घेताना संस्थाचालकांची पहिली नजर जाते ती सवलतीच्या टक्क्यांवर! प्लूटोला २००६ मध्ये बटुग्रह ठरविण्यात आले. तरीही त्याला नववा ग्रह म्हणणारी पुस्तके कपाटांत सुखेनैव नांदत आहेत. कादंबरी जुनी झाली तरी वाचली जाते, विज्ञानाच्या पुस्तकाचे तसे नाही. म्हणून मुखपृष्ठाच्या झगमगाटाआधी आवृत्तीचे वर्ष पाहावे. निसर्गविषयक पुस्तकांची कसोटी आणखी निराळी. पेंग्विन अवश्य असावा. पण भीमाशंकरच्या अरण्यात झाडांच्या शेंड्यांवरून झेपावणारे शेकरू, जो आपला राज्यप्राणी, मराठी मुलाला चित्रातही भेटू नये? विज्ञानशिक्षकाने आधी एक प्रत घरी नेऊन साद्यंत वाचावी. मागणी त्यानंतरच नोंदवावी.